दिवसभराचा ताण घरी आल्यावरच का बाहेर पडतो?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ४३ वर्षांची, डोंबिवलीला राहते. फोर्टमध्ये एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. घरी आम्ही चौघं. सकाळी डबे करून आठच्या सुमारास फास्ट लोकल पकडते, जाता-येता बहुतेक उभ्यानेच प्रवास. ऑफिसात सगळं ऐकून घेते, कुणाला उलटून बोलत नाही. पण घरी दार उघडलं आणि दहावीतल्या मुलाचे बूट वाटेत दिसले की माझा आवाज चढतो. सासूबाई नुसतं 'आज उशीर झाला का गं?' म्हणाल्या तरी टोचतं. मग रडू येतं. रात्री तीनला जाग येते आणि जीएसटीचे आकडे डोक्यात फिरत राहतात. सकाळी जबडा दुखतो. दाताचे डॉक्टर म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता. बीपी नॉर्मल आहे. जो तो सांगतो, पहाटे पाचला उठून प्राणायाम कर. मी स्वभावानेच चिडकी झाले आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. चिडका स्वभाव घर आणि ऑफिस असा भेद करत नाही. तुम्ही दिवसभर स्वतःला आवरता आणि त्या आवरण्यालाही शक्ती लागते. साहेब बोलले, गाडी चुकली, हिशेब जुळला नाही, की काही सेकंदांत ॲड्रिनलिन वाढतं, थोड्या मिनिटांनी कॉर्टिसॉल. ही दोन्ही ताणाची हार्मोन्स. छाती धडधडते, खांदे आणि जबडा आवळला जातो. शरीर पळायला किंवा भांडायला तयार होतं आणि तुम्ही खुर्चीत बसून 'हो सर' म्हणता. असं दिवसातून अनेकदा. संध्याकाळपर्यंत आवरायची ताकद संपते आणि घर ही एकच जागा उरते जिथे आवाज चढला तरी नोकरी जाणार नाही. मुलाचे बूट हे फक्त निमित्त.

आता तुमच्या लोकलबद्दल, कारण मला ती महत्त्वाची वाटते. स्वीडनमध्ये मानसशास्त्रज्ञ उल्फ लुंडबर्ग यांनी स्टॉकहोमला रोज रेल्वेने जाणाऱ्यांच्या लघवीतलं ॲड्रिनलिन मोजलं. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या स्टेशनावर बसणाऱ्यांचा प्रवास जास्त लांबचा होता, तरी वाटेत मध्येच चढणाऱ्यांपेक्षा त्यांचं ॲड्रिनलिन कमी निघालं. त्यांना रिकामा डबा मिळायचा, जागा निवडता यायची. त्याच काळात अमेरिकेत ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कर्कश आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी आवाज बंद करायचं बटण होतं, पण शक्यतो दाबू नका असं सांगितलेलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही, तरीही बटण नसलेल्यांपेक्षा त्यांनी पुढचं काम चिकाटीने आणि कमी चुका करून केलं. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्यानेही शरीराला फरक पडतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: आठवड्यातून दोन दिवस तरी डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरा. वेळ जास्त लागेल, पण बसून जाल. तुम्ही म्हणाल, त्यासाठी घरातून आधी निघावं लागेल आणि डबे कोण करणार? तेच विचारायचं होतं. पत्रात तुम्ही 'आम्ही चौघं' लिहिलंत. सासूबाई आहेत, मुलगा आहे, पण यजमान काय करतात याची एक ओळ नाही. मला हे खटकलं. त्या दोन दिवसांचे डबे त्यांच्याकडे द्या. पोळ्या बाहेरून आणल्या तर आणल्या. मुलगा दहावीत असला तरी बूट उचलणं आणि रात्री कुकर लावणं त्याच्या अभ्यासाच्या आड येत नाही. हे बोलणं रविवारी सकाळी, सगळे शांत असताना करा. दारात उभं राहून नको. सासूबाईंनाही तेव्हाच सांगा: 'आई, मी आल्यावर पंधरा मिनिटं मला काही विचारू नका, मग तुमच्याजवळ येऊन बसते.' हातपाय धुवा, कपडे बदला, खोलीचं दार लोटून पाठ टेका. त्या पंधरा मिनिटांत फोन नको.

पहाटे पाचचा प्राणायाम तूर्त विसरा. आधीच तुटलेली झोप आणखी कापून काही साधणार नाही. श्वास गाडीतही घेता येतो: नेहमीसारखा आत घ्या, सोडताना जवळजवळ दुप्पट वेळ लावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, त्याचाच हा उपयोग. जबड्यासाठी दिवसातून आठवेल तेव्हा ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले, असं ठेवून बघा. रात्री दातांवर बसवायची पट्टी लागेल का, ते दाताच्या डॉक्टरांना विचारा.

संध्याकाळी पाचचा चहा बंद करा किंवा दुपारी तीनच्या आत घ्या. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात. ऑफिसातून निघण्याआधी उद्याची कामं कागदावर उतरवून तो कागद तिथल्याच ड्रॉवरमध्ये ठेवा. पहाटेकडे झोप हलकी होते, कॉर्टिसॉल चढू लागतं, त्यामुळे तीनला जाग येणं समजण्यासारखं आहे. मात्र तेव्हा घड्याळ आणि फोन पाहू नका.

एक गोष्ट कुणीच तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. या वयात पाळी बदलू लागते तेव्हा झोप उडणं आणि चिडचिड त्यामुळेही होते. थायरॉईड बिघडलं, हिमोग्लोबिन कमी असलं तरी असंच वाटतं. सगळं 'टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका, या दोन्ही तपासण्या करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागलं नाही किंवा जगू नये असं वाटलं, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ वर दिवसरात्र मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

रिपोर्ट आले की पुन्हा लिहा. पाळीबद्दलही लिहा, आणि डब्यांचं घरी काय ठरलं तेही.