जुन्या बुलेटचा क्लच घसरतोय, प्लेटा बदलू का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांची १९७८ ची बुलेट ३५० आहे, डबल सीट पन्हाळ्याच्या चढाला लागली की इंजिन नुसतं रेस होतं आणि गाडी पळत नाही. मिस्त्री म्हणतो प्लेटा गेल्या. बदलू का, आणि कोल्हापुरात खर्च किती येईल?

प्लेटा लगेच बदलू नका. आधी क्लचच्या केबलला प्ले, म्हणजे लिव्हर ओढताना सुरुवातीचा थोडा सैलपणा, आहे का बघा. क्लच घसरतोय म्हटलं की निम्मे मिस्त्री केबल ताणून देतात, आणि नेमकं तेच चुकीचं आहे. ब्रेक झिजला की लिव्हर सैल पडतो, म्हणून क्लचचंही तसंच असेल असं लोक धरून चालतात. क्लचचं उलटं असतं. प्लेटा झिजल्या की त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते, तिला रेटून क्लच सोडवणारा पुशरॉड (लांब सळई) उजव्या बाजूला ढकलला जातो आणि केबलचा प्ले कमी होत होत संपतो. मग तुम्ही लिव्हरला हात लावला नाही तरी पुशरॉड प्लेटांना कायम थोडा रेटत राहतो, म्हणजे क्लच दिवसभर किंचित दाबलेलाच. त्यात केबल आणखी ताणली तर क्लच राहील कसा?

ॲडजस्टमेंट दोन ठिकाणी आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबलचा ॲडजस्टर पूर्ण सैल सोडा. मग उजवीकडे गिअरबॉक्सच्या कव्हरवरची छोटी टोपी काढा, आतल्या स्क्रूचा लॉकनट ढिला करा, स्क्रू पुशरॉडला टेकेपर्यंत हलक्या हाताने आत घ्या आणि अर्धा फेरा मागे. लॉकनट आवळताना स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा, नाहीतर सगळं मापच फिरतं. त्यानंतर केबल अशी लावा की लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी प्ले राहील. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा बघा. केबल चुकीच्या वाटेने टाकलेली असली तर एका बाजूला वळवल्यावर ती ताणली जाते आणि प्ले नाहीसा होतो.

एवढं करून सपाट मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या आसपास गाडी धरा आणि एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज वर गेला आणि स्पीडचा काटा मागे राहिला, तर क्लच घसरतोय. धाडकन झटका बसून गाडी मोकळी झाली, तर गिअर सुटतोय, तिथे क्लचला दोष देऊ नका. आणि आवाजही चढत नसेल, गाडी नुसतीच दमत असेल, तर दुखणं इंजिनचं आहे.

आता एका गाडीचं सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि तीच डोळ्यासमोर आली. याच काळातली ३५०, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपच्या बाकावर आली तेव्हा वर्षात दोनदा प्लेटा बदलून झाल्या होत्या. प्रत्येक वेळी पंधरा दिवस चांगली चाले, मग पुन्हा तेच. केबलचा प्ले बरोबर होता. डावं फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढलं, खाली ट्रे ठेवला आणि चेनकेसचा, म्हणजे क्लच आणि त्याची चेन झाकणाऱ्या डाव्या केसचा, मधला एकच मोठा नट सोडला. या केसमध्ये अर्धा लिटरच्या आतच ऑइल हवं. ट्रेमध्ये लिटरभर पडलं, आणि वास गंधकासारखा. तो वास इंजिन ऑइलचा नाही, ईपी ९० गिअर ऑइलचा.

कव्हर निघाल्यावर खडूने प्रेशर प्लेटच्या टोपीपासून क्लचच्या बाहेरच्या ड्रमच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि किक हाताने सावकाश दाबली. बुलेटची किक गिअरबॉक्समधून आणि क्लचमधूनच इंजिन फिरवते, म्हणून ही परीक्षा जमते. कॉम्प्रेशन आलं तसा ड्रम जागेवर थांबला, टोपी पुढे गेली आणि रेघ बोटभर तुटली. टोपी आणि ड्रम दोन्ही थांबले असते, तर किकचा दात घसरतोय असं कळलं असतं. हे दोन आजार लोक कायम एकमेकांत मिसळतात.

प्लेटा काढून ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवल्या. व्हर्नियरने मापलं तर जाडी नव्या प्लेटांइतकी. पण प्लेटांवरचं घर्षणाचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत आणि काळं पडलेलं. बिनअस्तराच्या दोन साध्या प्लेटांवर निळसर डाग, म्हणजे तापल्या होत्या. त्यातली एक काचेवर ठेवली तर डुगडुगत होती. तिन्ही स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, उंची सारखी. म्हणजे प्लेटा झिजल्याच नव्हत्या, चुकीच्या ऑइलने मारल्या होत्या.

ऑइल आलं कुठून? पुशरॉड गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या (मुख्य दांड्याच्या) पोकळ भोकातून जातो. गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग (ऑइल किती उंचीपर्यंत हवं ते दाखवणारं बूच) कुणी उघडलाच नव्हता, दर सर्व्हिसिंगला वरून गळ्यापर्यंत ऑइल ओतलं जात होतं. ते झिजलेल्या पुशरॉडच्या कडेने पाझरत थेट क्लचच्या मध्यावर येत होतं. नवा पुशरॉड टाकला, गिअरबॉक्सचं ऑइल लेव्हल प्लगपर्यंत आणलं, वाकडी प्लेट बदलली, बाकीच्या पेट्रोलने धुऊन काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर गोल गोल फिरवून चकाकी घालवली. रॉकेलने धुवू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. त्याच प्लेटांवर ती गाडी नंतर गगनबावड्याला डबल सीट जाऊन आली.

तुमच्याही गाडीचं कव्हर उघडाल तेव्हा आधी ऑइल मोजा आणि हुंगा. गिअर ऑइलचा वास नसेल पण ऑइल जास्त असेल, तर ते इंजिनकडून येतंय. क्रँकचं डाव्या बाजूचं सील आणि ब्रीदर (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी वाट) बघा. भरताना मोटरसायकलचंच २०डब्ल्यू-५० घ्या आणि डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा, लिहिलेलं तपासा. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला मारक आहेत. केसच्या लेव्हल प्लगमधून ओघळायला लागलं की भरणं थांबवा.

अजून एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: स्प्रिंगखाली वायसर टाका, क्लच कडक होतो. या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही. वायसर टाकल्यावर घसरणं महिनाभर लपतं, एवढंच. लिव्हर जड होतो, केबल निपलपाशी तुटते, पुशरॉडची टोकं तापून चेपतात. स्प्रिंगचे वेढे लिव्हर पूर्ण ओढण्याआधीच एकमेकांना टेकले तर प्लेटा सुटत नाहीत आणि पहिला गिअर खरखरत पडतो. वायसर सुचवणाऱ्याला विचारा, केसमधलं ऑइल किती होतं ते मोजलं का. स्प्रिंगा कमी-जास्त उंचीच्या असतील तर तिन्ही एकदम बदला आणि स्क्रू पूर्ण आवळा. मग लिव्हर ओढून टोपी सगळीकडून सारखी उचलली जाते का ते बघा. एका बाजूने आधी उचलली जात असेल, तर कुठला तरी स्क्रू किंवा स्प्रिंग नीट बसलेली नाही.

अस्तर खरंच घासलं असेल किंवा जळून त्याचे तुकडे पडत असतील, तर मात्र प्लेटा बदलाच, आणि नव्या प्लेटा रात्रभर त्याच ऑइलमध्ये भिजवून बसवा. ड्रमच्या खाचांना प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडले असतील तर तेही बघून घ्या, पण त्याने क्लच अडकतो, घसरत नाही. खर्च कव्हर उघडल्यावरच कळेल. नुसता केबलचा प्ले संपल्याचा दोष असेल तर एक पैसाही लागणार नाही. तोपर्यंत घाटात नेऊ नका, एका चढात प्लेटा निळ्या पडतात.

हे सगळं उजव्या गिअरच्या, चार गिअरच्या जुन्या बुलेटचं आहे. येझदी असती तर मी आधी गिअर लिव्हर बघायला सांगितलं असतं, कारण तिथे गिअर टाकतानाच क्लच आपोआप सुटतो आणि तो ॲडजस्टमेंट चुकला तरी असंच घसरतं.