चोक काढला की मशीन बंद पडतं

प्रश्न : काका, बाबा गेल्यापासून होडी मी आणि धाकटा भाऊ चालवतो. फायबरची लहान होडी, मागे ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर ओढून ठेवली होती, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. नारळी पौर्णिमेनंतर उतरवली तर वीस-वीस वेळा दोरी खेचावी लागते. चोक ओढला की सुरू होतं, आत ढकलला की मरतं. कसंबसं निघालो तर पाच-सात मिनिटांत बंद. गेल्या आठवड्यात वर्सोव्याच्या खाडीच्या तोंडावरच बंद पडलं, ओहोटी होती. नवा प्लग टाकला, फरक नाही. मेकॅनिक प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदला म्हणतो. बदलू का?
— एक वाचक भगिनी, वर्सोवा

उत्तर : ताई, कॉइल थांबवा. चोक ओढल्यावर हवा कमी होते आणि त्या मानाने पेट्रोल जास्त जातं. तेवढ्याने मशीन जगतं, याचा अर्थ त्याला पेट्रोल पुरत नाही. कॉइल खराब असेल तर मशीन तापल्यावर मरतं आणि गार झाल्यावर पुन्हा लागतं. त्याचा चोकशी संबंध नसतो.

आधी टाकीतलं पेट्रोल बघा. तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. दोन महिने पावसाळी हवेत अर्धी टाकी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर होऊ शकतो. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. आणि आपलं टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. म्हणजे मशीन नुसतं बंद पडत नाही, विनाऑइल घासलं जातं. बाटलीत दोन थर दिसले तर सगळं पेट्रोल काढून टाका, वरचंसुद्धा वापरू नका. ते खाडीत मात्र ओतू नका.

नवं पेट्रोल भरल्यावर भावाला टाकीपाशी बसवा. मशीन मरायला लागलं की त्याने पाइपमधला रबरी फुगा दाबत राहायचं. दाबल्यावर मशीन सावरलं, तर टाकीकडून पुरवठा कमी पडतोय किंवा मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, गेलाय. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असेल किंवा टाकीतली जाळी तुंबली असेल. फुगा कडकच होत नसेल, तर पाइपच्या जोडांतून मशीन हवा घेतंय. फुगा दाबताना त्यावरचा बाण मशीनच्या दिशेने आणि वर ठेवा.

पाइप जुना असेल तर बदलूनच टाका. वरळीच्या एका होडीचा पाइप मी उभा चिरून पाहिला होता. बाहेरून नवा दिसत होता, आतलं अस्तर सुटलं होतं. मशीनने जोरात ओढलं की ते अस्तर झडपेसारखं बंद व्हायचं. त्या माणसाने तोवर दोन प्लग आणि एक पंप बदलला होता.

दाबूनही सावरलं नाही, तर कार्बोरेटर उघडावा लागेल, आणि मला तीच शक्यता जास्त वाटते. त्याच्या तळाच्या वाटीत सुकलेल्या पेट्रोलचा पिवळट चिकटा सापडेल. त्याने सगळ्यात आधी स्लो जेट, म्हणजे मशीन हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी, बंद होतो, कारण त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. म्हणून चोकशिवाय मशीन आयडलवर, म्हणजे हळू, चालू राहत नाही. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, हवेने फुंका, आणि आयडलचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे फिरतो ते लिहून ठेवा. वाटीची गॅस्केट नवी घाला. पेट्रोलचा फिल्टरही बदला, तो स्वस्त आहे.

सुरू झाल्यावर मशीन गार ठेवणाऱ्या पाण्याची मागची धार पाहा. धार बारीक असेल किंवा नसेल, तर मशीन लगेच बंद करा. दोन महिने उभं राहिल्यावर पाण्याच्या पंपाची रबरी फिरकी कडक होऊ शकते, आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन जाम होतो.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी गोड्या पाण्याच्या पिंपात करा. वीस मिनिटं चोकशिवाय चाललं तरच होडी उतरवा, आणि तेही भरतीच्या वेळी, खाडीच्या आत. त्या दिवशी ओहोटीने तुम्हाला बाहेर ओढलं असतं हे वाचून मला खरंच धस्स झालं. दोन वल्ही आणि दोरीसकट नांगर होडीत कायम ठेवा, मशीन कितीही चांगलं चालो.

पुढच्या वर्षी ३१ मेच्या आत टाकी रिकामी करा. मशीन पिंपात लावून गोडं पाणी फिरवा, मग पेट्रोलचा पाइप काढा आणि मशीन आपोआप मरेपर्यंत चालू द्या. वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंबही काढा. नवं पेट्रोल भरताना ऑइल अंदाजाने ओतू नका. मशीनच्या पुस्तकात ५० ला १ दिलं असेल, तर लिटरला २० मिली.