मसाई मारातल्या फोटोग्राफी वर्कशॉपला पैसे घालावेत का?

तुम्ही विचारलंय की मसाई मारातल्या एका लॉजवर वाइल्डलाइफ फोटोग्राफीचं वर्कशॉप आहे, शिकवणारा फोटोग्राफर, म्हणजे मेंटॉर, नावाजलेला आहे, तर एवढे पैसे घालून जावं का, खरंच काही शिकायला मिळतं का आणि लेन्स कोणती न्यावी.

जा. पण मेंटॉरचं नाव बघून जाऊ नका. गाडी कोण चालवणार आहे आणि त्याला पाहुण्यांना 'नाही' म्हणायची मुभा आहे का, ते आधी बघा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी अशाच एका वर्कशॉपला गेले होते आणि त्यातल्या काही लोकांशी माझं आजही बोलणं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, कॅमेऱ्याचं तंत्र शिकायला केनियाला जायची काहीच गरज नाही. पळत्या प्राण्याला १/२००० सेकंदाचा शटर स्पीड, पॅनिंग करायचं, म्हणजे प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा, तर १/३० च्या आसपास, कॅमेऱ्याच्या मागच्या बटनाने फोकस करणं, उजेडाविरुद्ध एक्स्पोजर किती खाली घ्यायचं, हे सगळं मी रंकाळ्यावर उडत्या बगळ्यांवर घोटून घेतलं होतं. जो मेंटॉर मारात बसून तुम्हाला शटर स्पीड समजावतोय, तो तुमचा वेळ खातोय. मारात शिकायचं ते वेगळंच असतं. तिथे गाडीतून उतरता येत नाही, चार पावलं बाजूला सरकून अँगल बदलता येत नाही. ऊन कुठून येतंय, प्राण्याच्या मागे काय दिसतंय, तो पुढच्या पाच मिनिटांत कुठे जाणार, याचा हिशेब करून गाडी कुठे लावायची हे स्टिअरिंगवरचा माणूस ठरवतो. अर्धा फोटो त्याचा असतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

आमचा लॉज रिझर्व्हच्या गेटच्या बाहेर होता. दोन लँड क्रूझर, प्रत्येकीत तीन फोटोग्राफर. मेंटॉर दुसऱ्या गाडीत. आमच्या गाडीवर एक मसाई गाईड होता, पन्नाशीच्या पुढचा, शर्टावर सिल्व्हरचा बिल्ला. तिकडे केनिया प्रोफेशनल सफारी गाईड्स असोसिएशनच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा असतात. सिल्व्हरपर्यंत पोचलेला माणूस म्हणजे नुसता ड्रायव्हर नव्हे.

एका दिवशी सकाळी वारुळावर चित्त्याची मादी बसलेली दिसली, खाली गवतात पिल्लं. मी कोल्हापूरची. आमच्याकडे संस्थानी काळात शिकारीसाठी पाळायचे चित्ते आफ्रिकेतून आणवले जात, त्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. त्यामुळे चित्ता हा माझ्यासाठी नुसता एक प्राणी नव्हता, त्याच्यासाठीच मी गेले होते. लांबवर थॉमसन गॅझेल या छोट्या हरणांचा कळप चरत होता आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. गाईडने गाडी बरीच अलीकडे, रस्त्यावरच थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, थांबू या, ती इकडूनच निघेल.

तेवढ्यात रेडिओवर मेंटॉरचा आवाज. पुढे घ्या, कळपाच्या आणि तिच्या मध्ये जा, म्हणजे ती सरळ कॅमेऱ्यावर येईल. गाईड शांतपणे नाही म्हणाला. रिझर्व्हमध्ये रस्ता सोडायला बंदी आहे, हे तर झालंच. पण मध्ये गाडी आली तर मादी शिकार सोडून देईल, असं त्याने सांगितलं. माझ्या मागच्या सीटवरचे पुण्याचे एक गृहस्थ चिडले. "पैसे आपण मोजलेत, ह्याला काय करायचंय?" हे त्यांचे शब्द, मराठीतच, म्हणजे गाईडला कळणार नाही असं गृहीत धरून. त्याला सूर कळला.

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर पोरगेलासा होता. त्याने ऐकलं. ती गाडी गवतात उतरली आणि ते बघून बाकीच्या लॉजांच्या गाड्याही उतरल्या. मारातला नियम असा की एका प्राण्यापाशी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, आणि मागे रांग लागली असेल तर दहा मिनिटांत निघायचं. तिथे बघता बघता मोठं कडं झालं. गॅझेल उधळले. मादी वारुळावरून उतरली आणि गाड्यांच्या फटीतून वाट काढत निघाली. पिल्लं मागे. एक पिल्लू मात्र कड्याच्या आतच राहिलं. ते एका गाडीच्या पुढच्या चाकाच्या सावलीत उभं होतं. पाठीवर ते करड्या केसांचं लांब जावळ असतं ना, ते भिजलेलं, दवाने चिकटलेलं. तोंड उघडून ते ओरडत होतं. चित्त्याच्या पिल्लाची हाक एखाद्या पक्ष्यासारखी चिवचिवती असते, आणि चालू इंजिनांत ती बुडून जात होती. आई पलीकडून हाका मारत होती, त्याही बुडत होत्या. आणि सगळीकडून शटरचा आवाज. एक माणूस म्हणाला, काय एक्स्प्रेशन आलंय!

आमच्या गाईडने खिडकीतून हात बाहेर काढून बाकीच्या ड्रायव्हरांना इंजिनं बंद करायला लावली. एकेक करत बंद झाली. मग पिल्लाला आईची दिशा कळली आणि ते चाकांमधून पळत गेलं. त्यांची शिकार गेली ती गेलीच. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या फिरण्याच्या वेळेत. सिंह आणि तरस रात्री आपलं भागवू शकतात, चित्ता शक्यतो त्यांच्यापासून लांब राहतो. एक हुकलेली सकाळ तिला आणि पिल्लांना महागात जाते.

दुपारी इमेज रिव्ह्यू होतं, म्हणजे प्रत्येकाचे फोटो पडद्यावर लावून मेंटॉर बोलतो. त्याने त्या चाकापाशी उभ्या पिल्लाच्या फोटोचं भरभरून कौतुक केलं, चाक क्रॉप करून कसं घालवायचं तेही दाखवलं. मग सगळ्यांसमोर म्हणाला की आमचा गाईड सहकार्य करत नाही, टीप देताना लक्षात ठेवा. मी तिथेच उठून सांगितलं की त्या माणसाने जे केलं ते बरोबर केलं, आणि तो फोटो मला दिला तरी मी भिंतीवर लावणार नाही. खोलीत कोणी बोललं नाही. मी जे बोलले त्यातला एकही शब्द मला आज परत घ्यावासा वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या गाईडच्या गाडीत बसायला कोणी तयार नव्हतं. मी बसले. आणि पैसे वसूल झाले असतील तर ते तिथे. त्याने मला टोपी नावाच्या हरणाचे कान बघायला शिकवलं: टोपी उंचवट्यावर उभा राहून एकाच दिशेला बघत फुरफुरतोय, तर त्या दिशेच्या गवतात नक्की कोणीतरी आहे. सिंहिणी झोपलेल्या असल्या तर थांबायचं की निघायचं, हे पिल्लांच्या चुळबुळीवरून. गिधाडं घिरट्या घालतायत की सरळ खाली उतरतायत, यातला फरक. तो प्राण्यामागे गाडी घालायचाच नाही. प्राणी जिकडे निघालाय त्याच्या बऱ्याच पुढे, ऊन पाठीशी किंवा अगदी समोर येईल असं बघून गाडी लावायचा आणि थांबायचा. विषुववृत्त जवळ असल्याने सकाळचा मऊ उजेड तिथे फार कमी वेळ टिकतो, नऊच्या सुमारास ऊन कडक झालेलं असतं. आणखी उशिरा जमीन तापली की लांबच्या लेन्समधून सगळं लहरतं, कितीही भारी लेन्स असली तरी. म्हणून पहाटेचे ते दीड-दोन तास गाडी योग्य जागी उभी असणं यालाच किंमत आहे.

लेन्सचं म्हणाल तर १००-४०० किंवा २००-६०० झूम पुरे. मोठी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, भाड्याने घेऊन नेण्याच्या फंदात पडू नका, नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सगळं मिळून सहसा १५ किलो सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. लेन्स टेकवायची बीन बॅग रिकामी न्या, तिकडे तांदूळ किंवा घेवडा भरून मिळतो. दोन कॅमेरा बॉडी असतील तर दोन्ही न्या, त्या धुळीत लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरची वाट लावणं. गाडीत प्रत्येकाला स्वतंत्र रांग आहे का हे लिहून घ्या, आणि बाजू उघड्या असलेली लँड क्रूझर आहे की छत वर उचलणारी व्हॅन तेही. व्हॅनच्या छतातून काढलेले सगळे फोटो वरून खाली बघितल्यासारखे येतात.

जमत असेल तर रिझर्व्हऐवजी कन्झर्व्हन्सीत राहा: मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो. ही मसाई कुटुंबांच्या मालकीची जमीन आहे, कॅम्पवाले त्यांना भाडं देतात. तिथे फक्त तिथल्याच कॅम्पांचे पाहुणे फिरतात, त्यामुळे गाड्या कमी. रस्ता सोडायला परवानगी असते, पण गाईडच्या विवेकाने, पाहुण्याच्या हुकमाने नव्हे.

पुण्याचे ते गृहस्थ अजूनही आमच्या जुन्या ग्रुपवर म्हणतात की गाड्यांनी प्राण्यांना काही होत नाही, त्यांना सवय झालीय. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही: मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची गर्दी कमी, तिथे मादी एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी करू शकली. जिथे गर्दी जास्त, तिथे ०.२. गाड्यांनी पिल्लं चिरडली असं त्यात नाही. शिकार मोडणं, आई आणि पिल्लं तुटणं, अशी कारणं असावीत असा अंदाज आहे. त्या सकाळी आम्ही जे पाहिलं तेच. हे आकडे मी ग्रुपवर टाकले होते, त्यावर कोणीही काही लिहिलं नाही.

आता थोडं दुसऱ्या बाजूचं. सगळे मेंटॉर असे नसतात. मारात वर्षानुवर्षं जाणारे, गाईडला मान देणारे मराठी फोटोग्राफरही मला माहीत आहेत. मी ज्या वर्कशॉपला गेले ते कोणाचं होतं हे विचारू नका, सांगणार नाही. कन्झर्व्हन्सी महाग पडते हेही खरं. पण २०२४ पासून रिझर्व्हची फीसुद्धा परदेशी पाहुण्याला दिवसाला जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर आहे, तेव्हा फरक वाटतो तेवढा राहत नाही. नदी ओलांडणारी विल्डेबीस्टच बघायची असतील तर जुलै ते ऑक्टोबरच जावं लागेल आणि गर्दी सोसावी लागेल. मी असते तर फेब्रुवारीत गेले असते. आणि तुम्ही अगदीच नवखे असाल, मॅन्युअल मोडला हात लावलेला नसेल, तर मेंटॉरचा उपयोग होईल, मी वर लिहिलं तेवढा तो निरुपयोगी नाही.

बुकिंग करण्याआधी आयोजकांना मेल करा: गाईड कुठल्या पातळीचा आहे, गाडीत किती जण, आणि मेंटॉर व गाईड यांच्यात मतभेद झाला तर कोणाचं चालतं. तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर पैसे भरू नका. टीपचं पाकीटही एकत्र गोळा करून मेंटॉरकडे देऊ नका, स्वतः गाईडच्या हातात द्या. माझं मी दिलं. बाकीच्यांनी जमवलेल्यातलं त्याला किती मिळालं, हे मी विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालेलं नाही.