ब्लू बॉटल, म्हणजे समुद्रातला तो जेलीफिशसारखा दिसणारा निळा जीव, हा एकच प्राणी असतो की अनेक? किनाऱ्यावर मेलेला दिसला तर हात लावला तर चालतो का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. नाही चालत, अजिबात नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत ब्लू बॉटल आल्या होत्या तेव्हा आम्ही जुहूला होतो, ताई, दाजी, सात वर्षांचा भाचा आणि मी. वाळूत अंगठ्याएवढे निळे फुगे पडलेले. मी म्हटलं दाजी, त्याला हात लावू देऊ नका. तर म्हणे, "अरे मेलंय ते, वाळलंय बघ, मेलेलं काय डसणार." भाच्याने फुग्याला धरून उचललं आणि खाली लोंबणारा निळा दोरा मनगटाला चिकटला. असं किंचाळलं पोरगं की भेळवाला गाडी सोडून धावत आला. हातावर फोकाने मारल्यासारखे वळ. आणि दाजींनी काय केलं तर ओली वाळू खसाखसा चोळली, वर लिंबू पिळलं, पोरगं अजूनच तडफडायला लागलं.

त्या दोऱ्यात बारीक पेशी असतात, प्रत्येकीत गुंडाळलेला विषारी काटा, काही टेकलं की आपोआप सुटतो, प्राणी जिवंत असो नसो. चोळलं की राहिलेले पण सुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, दोरा चिमट्याने काढायचा आणि २० मिनिटं ४५ अंशाच्या गरम पाण्यात हात ठेवायचा. ऑस्ट्रेलियात २००६ साली याच प्राण्याच्या डंखावर बर्फ आणि गरम पाणी यांची तुलना छापून आली, गरम पाण्याने ८७ टक्के लोकांना आराम पडला, बर्फाने ३३ टक्के. तरी दाजी आजही दर गणपतीत सांगतात लिंबानेच उतरलं म्हणून. नाही उतरलं दाजी, ते दुखणं तासाभरात तसंही कमी होतं.

एक की अनेक, तर वसाहत आहे ती. फुगा वेगळा, डसणारे वेगळे, पचवणारे वेगळे, प्रजननाचे वेगळे, पण सगळे एकाच अंड्यातून वाढलेले आणि सुटं कोणी जगत नाही. पोहता येत नाही, वारा नेईल तिकडे जातात, म्हणून पावसाळी वाऱ्याबरोबर आपल्याकडे येतात.

हां, श्वासाला त्रास झाला, छातीत दुखलं किंवा उलट्या झाल्या तर हे घरचे उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि लहान मूल असेल तर पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा, नाहीतर भाजेल. ताई, वाचत असशील तर दाजींना पण दाखव.