नंबर पुसलेला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर कसा ओळखायचा?

प्रश्न : जुन्या सामानात घरी बांधल्यासारखा व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) ॲम्प्लिफायर मिळाला. कंपनीचं नाव नाही. तीन मोठे व्हॉल्व्ह, दोन छोटे, नंबर पुसलेले. हा कुठला आणि प्लग लावून पाहू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्लग अजिबात लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) लीक होतात आणि एका मिनिटात मेन ट्रान्सफॉर्मर जाळतात. तो गेला, तर तसाच मिळणं फार कठीण.

व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने पुसू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. काच उजेडात तिरकी धरून पाहा. मात्र सापडलेल्या नंबरावर पूर्ण विसंबू नका. दुरुस्तीत हाताशी असेल तो व्हॉल्व्ह खोचलेला असतो. खरी ओळख बेसच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात खोचतात त्या सॉकेटच्या, वायरिंगवरून पटते.

चासिस (धातूचा सांगाडा) उलटा करण्याआधी, साठलेली वीज उतरवायला, 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर दहा सेकंद लावा आणि व्होल्टेज उतरल्याची मीटरवर खात्री करा. आता आठ पिनांच्या बेसवर, खालच्या बाजूने, खाचेपासून घड्याळाच्या दिशेने पिना मोजा. फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) 2 आणि 8 वर, ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजच्या वायरी 4 आणि 6 वर असतील, तर तो रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह : जीझेड 34 किंवा 5यू4. उरलेल्या दोन मोठ्यांत, म्हणजे आउटपुटच्या व्हॉल्व्हमध्ये, फिलामेंट 2 आणि 7 वर, प्लेट 3 वर. इथे पिन 1 नीट पाहा. ती 8 ला जोडलेली असेल, तर बांधणाऱ्याच्या मनात ईएल 34 होता, कारण त्याची तिसरी ग्रिड (आतली तारेची जाळी) पिन 1 वर येते. ती रिकामी असेल, तर 6एल6 किंवा 6व्ही6. अशा बेसमध्ये ईएल 34 खोचू नका. ती ग्रिड अधांतरी राहते. नऊ पिनांच्या छोट्या बेसवर 4 आणि 5 एकत्र करून फिलामेंटची दुसरी वायर 9 वर असेल, तर बहुधा ईसीसी 83 किंवा 82.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला. सगळे व्हॉल्व्ह काढा, वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट एसी दोन्ही प्लेटच्या वायरींना द्या आणि 8 ओहमच्या टोकांवर मोजा. 0.58 व्होल्ट आले, तर गुणोत्तर सुमारे 20.7, त्याचा वर्ग गुणिले 8 म्हणजे साधारण 3,400 ओहम, हा व्हॉल्व्हच्या जोडीवर पडणारा भार. हे ईएल 34 च्या जोडीला जुळतं. 0.38 आले, तर 8,000 ओहम, म्हणजे 6व्ही6 ची जोडी. उलट जोडणी करू नका : स्पीकरच्या टोकांना 12 दिले, तर प्लेटच्या बाजूला अडीचशे व्होल्ट उभे राहतात! आउटपुटला 70 किंवा 100 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर तो सभा-समारंभाच्या लाइन स्पीकरसाठीचा.

पहिल्यांदा चालू करताना 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब मेनच्या वायरीत सिरीजमध्ये घाला, म्हणजे बिघाड असला तरी करंट मर्यादित राहील. एलईडी चालणार नाही. आउटपुटचे दोन व्हॉल्व्ह बाहेर ठेवून त्यांच्या बेसच्या पिन 5 वर डीसी मोजा. तिथे शून्य किंवा उणे हवं. अधिक (प्लस) दिसलं, तर त्या पिनेला आधीच्या व्हॉल्व्हशी जोडणारा कपलिंग कंडेन्सर लीक आहे. तो बदलल्याशिवाय व्हॉल्व्ह लावलात, तर प्लेट लालबुंद होईल. स्पीकर न जोडता मात्र कधीच वाजवू नका.