युरोपीय संघातून ‘बाहेर पडणे’ की ‘फुटून निघणे’?

विचारणा अशी आहे : महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेसाठी ‘ब्रिटनने युरोपीय संघातून फुटून निघणे योग्यच होते’ असा विषय ठरतो आहे. यात ‘फुटून निघणे’ चालेल का? रेफरेंडमला ‘जनमत’ म्हणावे की ‘सार्वमत’? ‘सिंगल मार्केट’ आणि ‘कस्टम्स युनियन’ यांना मराठीत काय म्हणायचे?

‘फुटून निघणे’ नको. पक्ष फुटतो, आमदार फुटतात, प्रश्नपत्रिका फुटते. या सगळ्या वापरांत कुणीतरी नियम मोडल्याची किंवा दगा दिल्याची छटा आहे. प्रदेशाबद्दल बोलताना हा शब्दप्रयोग बसतो, पण तिथे एक राज्य मोडून दुसरे जन्माला आलेले असते. १९७१ साली पूर्व बंगाल पाकिस्तानातून फुटून निघाला. ब्रिटनच्या बाबतीत असे काही घडलेले नाही. एका करारावर आधी सही करून तो १ जानेवारी १९७३ रोजी आत गेला आणि त्याच कराराच्या व्यवस्थेत लिहून ठेवलेल्या दाराने ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर आला. लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी अमलात आला, तेव्हा मूळ करारात अनुच्छेद ५० दाखल झाला. त्यात कोणत्याही सदस्य देशाला आपल्या घटनात्मक पद्धतीनुसार संघ सोडण्याची मुभा आहे. लेखी सूचना द्यायची, दोन वर्षांत वाटाघाटी उरकायच्या आणि मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या सदस्यांची संमती घ्यायची, अशी ती रीत. ब्रिटनने ही सूचना २९ मार्च २०१७ रोजी दिली आणि पुढे तीनदा मुदत वाढवून घेतली. ‘फुटून निघाला’ म्हटले की ही सगळी रीतसर प्रक्रिया झाकली जाते आणि विषयाच्या बाजूने बोलणारा पहिल्या वाक्यापासूनच बचावाच्या पवित्र्यात जातो.

हा शब्द आपल्याला इतका सहज सुचतो, त्याचे कारण बहुधा ‘संघ’ या शब्दात आहे. आपल्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ आहे असे म्हटले आहे. घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी मसुदा समितीने ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द का निवडला ते सांगितले होते. हे संघराज्य घटकांनी आपसात करार करून बनलेले नाही आणि म्हणूनच कोणत्याही राज्याला त्यातून निघून जाण्याचा हक्क नाही, असा त्यांचा खुलासा होता. युरोपचाही ‘युनियन’च, पण आशय नेमका उलटा : तो करारानेच बनलेला आहे आणि निघून जाण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. मराठी वाचक ‘संघातून बाहेर’ हे शब्द वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पहिला संघ येतो, दुसरा नाही. स्पर्धकांना विषयाची ओळख करून देणाऱ्या टिपणात हा फरक दोन ओळींत जरूर द्यावा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

‘युरोपीय महासंघ’ असेही वर्तमानपत्रांत छापून येते. संघांचा मिळून महासंघ होतो, उदाहरणार्थ कामगार संघटनांचा. इथे घटक आहेत ते देश, त्यामुळे ‘महा’ची गरज नाही. ‘युरोपीय संघ’ किंवा सरळ ‘युरोपियन युनियन’ लिहा. दोन्ही चालतात, फक्त एका टिपणात एकच ठेवा. ‘युरोपीय समुदाय’ हा मात्र जुन्या काळासाठी राखून ठेवायचा शब्द आहे. मास्ट्रिख्टचा करार १ नोव्हेंबर १९९३ रोजी लागू होईपर्यंत ‘संघ’ असे नाव नव्हतेच. १९७५ साली ब्रिटनमध्ये जे पहिले मतदान झाले आणि ६७ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली, ते समुदायाबद्दलचे होते.

‘माघार घेणे’ही टाळा. करारातला ‘विथड्रॉ’ हा इंग्रजी शब्द कोशात पाहिला तर हाच पर्याय समोर येतो आणि मग ‘माघार करार’ असे जोडशब्द तयार होतात. मराठीत माघार सैन्य घेते किंवा निवडणुकीतला उमेदवार घेतो. त्यात हार मानल्याची छटा आहे. ‘ब्रिटन स्वतंत्र झाला’ ही उलट्या दिशेची चूक. स्वातंत्र्य परक्या सत्तेकडून मिळवायचे असते आणि ब्रिटन सदस्य असताना पारतंत्र्यात नव्हता. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी २०१७ मधल्या श्वेतपत्रिकेतच मान्य केले होते की सदस्यत्वाच्या सगळ्या काळात संसद सार्वभौमच होती. सार्वभौमत्वाचा मुद्दा स्पर्धकाने जरूर मांडावा, तो खरोखरच या वादाचा कणा आहे. पण ‘सार्वभौमत्व गमावले होते’ असे न म्हणता ‘सार्वभौमत्वाचा काही वापर संयुक्तपणे करण्याचे मान्य केले होते’ असे म्हणावे. मग प्रतिस्पर्ध्याला ते वाक्य सहज खोडता येत नाही.

उरले ‘बाहेर पडणे’ आणि ‘सोडणे’. ‘बाहेर पडणे’ला एक बारीक अडचण आहे : ‘भारत स्पर्धेतून बाहेर पडला’ म्हणजे हरून बाद झाला. इथे तसा गैरसमज होणार नाही, तरी विषयाच्या मुख्य वाक्यात ‘सदस्यत्व सोडणे’ जास्त नेमके. भाषणात ‘बाहेर पडणे’ खुशाल वापरा. ‘काडीमोड’ आणि ‘घटस्फोट’ मथळ्यांना बरे, वादाला नाहीत. घटस्फोटात पोटगी येते, आणि त्या नादात संघ सोडल्यावर ब्रिटनने भरलेल्या रकमेला काही जण ‘दंड’ म्हणतात. ती रक्कम आधीच कबूल केलेल्या खर्चातला वाटा होती. ‘देणी चुकती केली’ हा तिच्यासाठी बरोबर शब्दप्रयोग.

आता सार्वमत. एखाद्या प्रश्नावर कायद्याने घेतलेले सर्व मतदारांचे मतदान म्हणजे सार्वमत. जनमत म्हणजे लोकांचा कल. तो मतदानाशिवायही असतो, वर्तमानपत्रांतून, सभांतून, चाचण्यांतून दिसतो. ‘जनमत चाचणी’ नमुना घेऊन होते, सार्वमतात नमुना नसतो. म्हणून २३ जून २०१६ रोजी झाले ते सार्वमत आणि त्याआधी महिनोन् महिने मोजले जात होते ते जनमत. ‘सर्वमत’ असेही कुणी लिहितात, ते चूक आहे.

गोव्याने या बाबतीत वेगळा शब्द रूढ केला आहे : ‘जनमत कौल’. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, यावर मतदान झाले. विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नसल्याने त्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. त्या कायद्याच्या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ ‘जनमत चाचणी’ असाच होतो, प्रत्यक्षात मात्र ते सार्वमत होते. ‘कौल’ जोडल्यामुळे गोव्यातल्या शब्दाला नेमकेपणा आला.

ब्रिटनच्या सार्वमताला मात्र ‘कौल’ म्हणताना जपून. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीवर लावलेली कळी किंवा पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे ते पाहतात, आणि मिळालेला कौल मोडायचा नसतो. ही बंधनकारकता शब्दात मुरलेली आहे. २०१६ चे सार्वमत ज्या कायद्याने घेतले गेले, त्यात निकाल अमलात आणण्याची सक्ती नव्हती. त्यामुळेच प्रश्न न्यायालयात गेला, आणि २४ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितले की संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला अनुच्छेद ५० ची सूचना देता येणार नाही. ‘जनतेने कौल दिला’ या वाक्याने भाषण सुरू करणारा स्पर्धक हा सगळा घटनात्मक वाद एका शब्दात निकालात काढतो. राजकीय दृष्ट्या निकाल टाळता येण्याजोगा नव्हता, असे म्हणायला हरकत नाही. कायद्याने बंधनकारक होता, असे म्हणू नये.

निकालाचे आकडे सांगतानाही शब्द घसरतात. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के, मतदान ७२.२ टक्के. म्हणजे ‘५२ टक्के जनतेने’ नव्हे, ‘मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ५२ टक्क्यांनी’. नोंदलेल्या सगळ्या मतदारांशी प्रमाण काढले तर ते सुमारे ३७ टक्के भरते. प्रतिस्पर्धी हे नक्की काढणार. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली. तेव्हा आपल्याकडे अजूनही सर्रास होते तसे ‘इंग्लंडने संघ सोडला’ असे लिहिणे इथे अर्थ बिघडवते. विषयाच्या वाक्यात ‘युनायटेड किंग्डम’ लिहा. काटेकोर बोलायचे तर ग्रेट ब्रिटनमध्ये उत्तर आयर्लंड येत नाही, आणि नेमक्या त्याच प्रदेशासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली : मालाच्या बाबतीत तिथे आजही संघाचे बरेच नियम लागू आहेत, जेणेकरून आयर्लंडच्या जमिनीवरल्या सीमेवर तपासणी नाके उभे राहू नयेत.

‘सिंगल मार्केट’ म्हणजे ‘एकल बाजारपेठ’ आणि ‘कस्टम्स युनियन’ म्हणजे ‘सीमाशुल्क संघ’. स्पर्धक सर्वात जास्त घोटाळा इथेच करतात, म्हणून जरा थांबतो. ‘जकात संघ’ म्हणू नका, कारण महाराष्ट्रात जकात म्हणजे महापालिकेच्या नाक्यावर भरायचा कर. मुंबईत तो जीएसटी येईपर्यंत, २०१७ पर्यंत होता. समजावून सांगायला मात्र तो नाका उपयोगी पडतो. सीमाशुल्क संघ म्हणजे आतल्या नाक्यांवरचे शुल्क रद्द आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांचा मिळून एकच दर. पण शुल्क गेले तरी नाक्यावर ट्रक थांबवून ‘तुमचे दूध आमच्या नियमांत बसते का’ असे विचारता येतेच. तो प्रश्नच उरू नये म्हणून दर्जा, सुरक्षितता आणि परवाने यांचे नियम जुळवून घेतात, ती एकल बाजारपेठ. तिच्यात माल, सेवा, भांडवल आणि माणसे या चारही गोष्टींचा मुक्त संचार येतो. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे, पण सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तानचे उलटे : औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघ आहे, एकल बाजारपेठ नाही. आणि हे दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य नाहीत. ‘संघ सोडला म्हणजे बाजारपेठ आपोआप सुटली’ हे वाक्य त्यामुळे टिकत नाही. सदस्यत्व सोडायचे हे सार्वमताने ठरले. बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडायचे हे नंतर सरकारने ठरवले. सार्वमताच्या मतपत्रिकेवर त्यांचा उल्लेखही नव्हता.

याच ठिकाणी ‘मुक्त व्यापार करार’ हा शब्दही फसवतो. ब्रिटन आणि संघ यांच्यात २४ डिसेंबर २०२० रोजी ठरलेल्या करारात मालावरचे शुल्क शून्य आहे, पण तो माल खरोखर ब्रिटनमध्ये किंवा संघातच तयार झाला आहे हे दाखवावे लागते, सीमाशुल्काची कागदपत्रे भरावी लागतात आणि मांस-मासळीसारख्या मालाला आरोग्याची प्रमाणपत्रे लागतात. ‘शुल्कमुक्त’ म्हणा, ‘विनाअडथळा’ म्हणू नका.

न्यायालयांची नावे लिहितानाही घोटाळा होतो. लक्झेंबर्गचे न्यायालय युरोपीय संघाचे. स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय हे युरोप परिषद या वेगळ्या संघटनेचे, आणि ब्रिटन तिचा आजही सदस्य आहे. ‘ब्रिटनने युरोप सोडला’ हे वाक्य म्हणून दुहेरी चुकते.

गोव्याशी आणखी एक दुवा आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनसारख्या शहरात, अनेक गोवेकर राहतात. मुक्त संचार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. त्याआधीपासून तिथे राहणाऱ्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून जे मिळवायचे होते, त्याला मराठी बातम्यांत ‘ब्रिटिश नागरिकत्व’ म्हटलेले आढळते. ते नागरिकत्व नव्हे, ‘वास्तव्याचा दर्जा’. पाच वर्षे पूर्ण झालेल्यांना कायम, कमी झालेल्यांना तात्पुरता. पासपोर्ट पोर्तुगीजच राहतो.

आता विषयाचे वाक्य. ‘योग्यच होते’मधला ‘च’ काढा. तो एका बाजूला आधीच गुण देतो. शब्दरचनेने कल बदलतो हे ब्रिटनमध्येही मानले गेले. ‘युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सदस्य राहावे का?’ असा हो-नाही स्वरूपाचा प्रश्न आधी ठरला होता. त्यात फक्त राहण्याचाच पर्याय शब्दांत आहे, म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ साली तो बदलायला सांगितले आणि ‘सदस्य राहावे की संघ सोडावा?’ असे दोन्ही पर्याय मतपत्रिकेवर आले. तुमचे वाक्य ‘युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सदस्यत्व सोडणे योग्य होते’ असे ठेवा. ‘सोडणे’ म्हणजे फक्त सदस्यत्व की बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघही, हे खाली एका ओळीत स्पष्ट करा. नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींवर बोलतील आणि परीक्षकांना गुण देणे अवघड जाईल.

प्रतिकूल बाजूच्या स्पर्धकाला ‘ब्रिटनने परत यावे’ म्हणायचे असेल, तर ‘परत येणे’ऐवजी ‘नव्याने प्रवेश घेणे’ म्हणावे. अनुच्छेद ५० मध्येच लिहिले आहे की सोडून गेलेल्या देशाला पुन्हा यायचे झाल्यास इतर कोणत्याही नव्या अर्जदारासारखा अनुच्छेद ४९ खाली अर्ज करावा लागेल. त्याला सगळ्या सदस्य देशांची मंजुरी लागते, आणि युरो न स्वीकारण्याची किंवा वर्गणीत सूट घेण्याची जुनी सवलत त्यात आपोआप मिळत नाही.