इंजिन तापतंय? आधी कधी तापतं ते सांगा

इंजिन तापण्याचे प्रश्न थांबत नाहीत आणि बहुतेकांत घोळ एकच असतो. गाडी नेमकी कधी तापते ते लिहिलेलं नसतं, ‘कोणता पार्ट बदलू’ एवढंच विचारलेलं असतं. त्यातले काही प्रश्न आज एकत्र घेतो.

प्रश्न: काटा लाल पट्टीत गेला, तर रेडिएटरचं झाकण काढून लगेच गार पाणी ओतावं का?

नाही. झाकणाखाली साधारण १ बार जादा दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंत की त्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) हातात धरवेल इतका निवू द्या.

प्रश्न: अशा वेळी हीटर लावावा म्हणतात. खरं का?

ऐकीव गोष्टींपैकी ही एक खरी आहे. एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. पण गाडी बाजूला घेईपर्यंतच. मग इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या.

प्रश्न: ट्रॅफिकमध्ये काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर उतरतो. रेडिएटर बदलायला सांगितलाय.

आधी पंखा बघा. वेगात असताना रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीत तो पंख्यानेच द्यायचा असतो. इंजिन चालू ठेवून एसी लावा; बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि कनेक्टर तपासून घ्या. त्यानंतर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन पाहा. फिरली, तर दोष वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये आहे. हात मात्र लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही पंखा सुरू होऊ शकतो.

उलट, वेगात किंवा चढावर तापत असेल तर संशय तुंबलेल्या रेडिएटरवर, झिजलेल्या वॉटर पंपावर, अर्धवट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटवर (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप). एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल आणि किडे साचलेत का, हेही बघा. ते फुकटात साफ होतं, म्हणून कोणी सुचवत नाही.

प्रश्न: थर्मोस्टॅट काढूनच टाकलाय, आता काटा वर जात नाही. चालेल ना?

नाही, परत बसवून घ्या. इंजिन गारठलेलं राहिलं की इंधन जास्त जातं आणि ऑइल खराब होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि भार पडला की गाडी उलट जास्त तापते.

प्रश्न: हिरव्या कूलंटमध्ये (रेडिएटरच्या रंगीत पाण्यात) लाल घातलं तर?

रंग हा फक्त रंग आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन बघा. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारणतः निम्मं डिस्टिल्ड पाणी, रेडीमिक्स असेल तर तसंच घाला.

प्रश्न: दर आठवड्याला अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं. खाली थेंबही दिसत नाही. ‘उन्हाने उडतं’ असं मेकॅनिक म्हणतो. लीक-स्टॉपची (गळती आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली टाकू का?

अजिबात नको. ही बंद प्रणाली आहे, कूलंट उडत नाही. महिन्याला दोन लिटर कुठेतरी जातायत आणि ती जागा न शोधता वरून भरत राहणं म्हणजे हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायची तारीख जवळ आणणं.

बाहेरची गळती गरम धातूवर सुकते, म्हणून थेंब दिसत नाही, डाग दिसतो. होजचे क्लॅम्प, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जिथे अॅल्युमिनियमला दुमडून बसवलेली असते तो सांधा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक: इथे पांढरी किंवा रंगीत खपली शोधा. पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर. झाकणाचं रबरही बघा.

बाहेर काहीच नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा इंजिन ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा होणं, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, ही लक्षणं. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. गॅस्केट ऑइलच्या वाटेनेच फुटते असं नाही.

गॅरेजमध्ये दोन चाचण्या मागा. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. तो उतरला आणि बाहेर गळती नसेल, तर पाणी आत जातंय. दुसरी, टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढायची. पेट्रोल इंजिनात द्रव पिवळा झाला तर जळका वायू पाण्यात शिरतोय. चाचणी न करता कोणी गॅस्केटचा खर्च सांगत असेल तर गाडी दुसरीकडे न्या. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) त्याचा सपाटपणा मोजून घ्या. काही इंजिनांत मर्यादा ०.०५ मि.मी. इतकी कमी असते. वाकलेल्या हेडवर नवी गॅस्केट बसवली की पुन्हा तेच.

लीक-स्टॉपला भोक आणि नळी यातला फरक कळत नाही; हीटर कोअरच्या बारीक नळ्याही तो तितक्याच आनंदाने बुजवतो.

आणि काट्यावर विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मधल्या मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं तर तो उतरूही शकतो: आत इंजिन भाजतंय आणि काटा म्हणतो सगळं ठीक. या आठवड्यात तपासून घ्या, पुढच्या नव्हे.

प्रश्न: कूलंट बदलल्यापासूनच गाडी तापते आणि हीटरमधून गार हवा येते.

एअर लॉक, म्हणजे आत हवा अडकलीय. झाकण इंजिन थंड असतानाच काढा, गाडीचं नाक उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर धार अखंड येईपर्यंत उघडा. मग स्क्रू आणि झाकण बंद करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवा आणि पूर्ण निवल्यावर पातळी भरा. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर ज्याने कूलंट बदललं त्याच्याकडेच परत न्या.